काळा कोट, कोरा सीव्ही

सीए आर्टिकलशिपवरचा मागचा कॉलम छापून आला आणि लॉवाल्यांनी मला घेरलंच. ‘त्यांना निदान स्टायपेंड मिळतो, आमचं काय?’ प्रश्न एकदम रास्त! लॉ करणाऱ्यांना पहिल्या वर्षापासूनच सीव्ही भरायचं टेन्शन असतं. मूट कोर्ट, निबंध स्पर्धा, रिसर्च पेपर, सेमिनार, क्लायंट कौन्सेलिंग, मेडिएशन... कॉलेजच्या ग्रुपवर रोज दहा पोस्टर्स येऊन पडतात आणि प्रत्येकावर ‘लास्ट डेट’ लाल अक्षरांत. संधी कमी नाहीत हो. उलट इतक्या आहेत की खरी कुठली आणि नुसती चकचकीत कुठली, हेच कळेनासं होतं.

माझ्या मावसबहिणीचंच बघा. पुण्यात बीए एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर परभणीला, वडिलांचं किराणा दुकान, घराण्यात वकील शून्य. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तिच्यासमोर तीन पर्याय होते. पहिला, ऑनलाइन इंटर्नशिप. घरबसल्या चार आठवडे, शेवटी रंगीत सर्टिफिकेट आणि त्यासाठी तिनेच भरायचे अडीच हजार रुपये. दुसरा, मुंबईत फोर्टमधलं मोठं ऑफिस. एसी, लायब्ररी, वजनदार नाव, पण स्टायपेंड नाही. राहणं, लोकल, जेवण धरून महिन्याचा हिशेब वीस हजारांच्या पुढे गेला. तिसरा, शिवाजीनगर कोर्टात दिवाणी प्रॅक्टिस करणारे एक वकील. ‘बसभाडं आणि दुपारचं जेवण माझ्याकडे, बाकी काम शिकायचं’ असं म्हणणारे. बाईसाहेबांचा कल कुठे असेल? सर्टिफिकेटकडे! ‘ताई, सीव्हीवर एक ओळ वाढते ना!’

अशी ओळ विकत मिळते, म्हणून तर ती विकली जाते. मूटची एंट्री फी समजू शकते, परिषदेचं रजिस्ट्रेशनही. पण काम तुम्ही करणार आणि पैसेही तुम्हीच देणार, ही कसली इंटर्नशिप?

त्यात नियम काय आहे ते बऱ्याच जणांनी वाचलेलंच नसतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. कुठल्याही वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. लॉ फर्म आणि कंपनी चालते, तशीच स्वयंसेवी संस्था, नियामक संस्था, विधिमंडळ, अगदी स्थानिक स्वराज्य संस्थाही चालते. आणि एक अट अशी, की पूर्ण कोर्समध्ये एकदा तरी ट्रायल आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे काम केलेलं असलं पाहिजे. सगळ्या इंटर्नशिप्स काचेच्या बिल्डिंगमध्ये करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं!

आमच्या बाईसाहेब शेवटी शिवाजीनगरला गेल्या. काही उदात्त विचार वगैरे नाही, वीस हजार नव्हते म्हणून. पहिला आठवडा बोर्ड बघणे, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभं राहणे, नकलेचे अर्ज करणे आणि ‘पुढची तारीख’ डायरीत लिहिणे यातच गेला. रात्री फोनवर नुसती कुरकुर. दुसऱ्या आठवड्यात वकीलसाहेबांनी हवेली तालुक्यातल्या एका प्लॉटच्या टायटल सर्चची फाइल तिच्या हातात दिली. एक नवरा-बायको, दोघंही आयटीतले, बयाणा देऊन बसलेले. तीस वर्षांचे फेरफार, इंडेक्स टू, जुनी खरेदीखतं असा सगळा गठ्ठा. त्यात वारसाच्या फेरफाराला फक्त दोन भावांची नावं होती. पण मागच्या एका कागदावर बहिणीचाही उल्लेख होता, आणि तिचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र गठ्ठ्यात कुठेच नव्हतं. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने तो आणखी स्पष्ट केला, हे तिने परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिलं होतं. इथे त्याच उत्तरावर कुणाचं तरी होम लोन लटकलेलं! वकीलसाहेबांनी व्यवहार थांबवायला सांगितला. त्या बहिणीला शोधायला नंतर एक महिना लागला म्हणे. तेव्हा कुठे त्या जोडप्याला समजलं की ज्या सहीवाचून त्यांचं अडलं होतं, ती कुणी कधी मागितलीच नव्हती.

या फाइलमधली माझी आवडती गोष्ट वेगळीच आहे. तो गठ्ठा मराठीत होता. मराठी मीडियममधून आलेल्या मुलांना लॉ कॉलेजात इंग्रजीचा जाम कॉम्प्लेक्स असतो. मूटमध्ये ‘माय लॉर्ड’ म्हणताना जीभ अडखळते, वगैरे. पण फिर्याद, पंचनामा, जबाब, सातबारा, फेरफार हे सगळं येतं मराठीत, तेही बऱ्याचदा हाताने लिहिलेलं. महाराष्ट्रातली जमीन घ्यायची तर सूटबूटवाल्या फर्मलाही ते वाचून देणारं माणूस लागतंच. मोडी येत असेल तर सोन्याहून पिवळं. सीव्हीत ‘लँग्वेजेस: मराठी’ एवढंच लिहून सोडू नका, जमिनीचे कागद वाचता येतात हे ठळक लिहा.

मुंबईचा खर्च टाळायचा आणखी एक रस्ता १८ ऑगस्ट २०२५ पासून उघडला आहे. मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच त्या दिवसापासून सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणजे सांगलीच्या मुलीला घरून डबा घेऊन हायकोर्टाची इंटर्नशिप करता येईल. नवीन बेंच, कामाचा ढीग, वकिलांना हात हवेत. अर्ज करून बघायला काय जातं?

आता ग्लॅमरकडे वळू. मूट कोर्ट! एक काल्पनिक खटला, दोन्ही बाजूंची लेखी मेमोरियल्स आणि मग जजेसच्या प्रश्नांच्या तोफा. जेसप ही सगळ्यात मोठी, १९६० पासूनची, फायनल वॉशिंग्टनला. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने १९९९ आणि २०१३ मध्ये ती जिंकली आहे. कमर्शियल आर्बिट्रेशनवाल्यांची पंढरी म्हणजे व्हिएन्नाचं व्हिस मूट. आपल्याकडे १८५५ पासूनच्या मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचं डी. एम. हरीश मूटही मानाचं. करा, जरूर करा. फक्त विमानाचं तिकीट कोण काढणार, हे टीममध्ये शिरायच्या आधी कॉलेजला विचारा. बोलायची भीती वाटत असेल तर रिसर्चर म्हणून शिरा. दोन महिने एकाच प्रश्नावर खणत बसायची सवय पुढे फार उपयोगी पडते. निबंध स्पर्धा मात्र मोजक्याच. आयोजक कोण आणि निबंध तपासणार कोण, हे पोस्टरवर नसेल तर पुढे चला.

पुस्तकांचा खर्च ही दुसरी रड. त्यावर मात्र आजचं पब्लिक खरंच लकी आहे. इंडियन कानून २००८ पासून फुकट आहे. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत निकाल २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट, त्यातले काही मराठीतही. मूळ कायदे इंडिया कोडवर. घटनापीठासमोरची सुनावणी २७ सप्टेंबर २०२२ पासून लाइव्ह दिसते. बडे वकील जजच्या एका प्रश्नावर कसे गडबडतात आणि कसे सावरतात, हे हॉस्टेलच्या खोलीत चहा पीत बघता येतं! आणि १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आणि तिच्या दोन भावंडांचा अंमल सुरू झाल्यापासून सीनिअर्सही कलमांचे नंबर नव्याने पाठ करताहेत. नवीन कलम आधी सांगणारा ज्युनिअर त्यांना हवाच असतो.

एक पैसाही न लागणारी, तरी सगळ्यात कमी गर्दीची जागा म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण हे त्यांना सांगायला कुणीतरी लागतं ना? लॉच्या विद्यार्थ्यांना तिथे पॅरा लीगल व्हॉलंटिअर होता येतं. ज्याच्याकडे फी द्यायला काही नाही अशा माणसाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणं, हे कुठल्याच मूटमध्ये शिकवत नाहीत.

जज व्हायचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी गणित बदललं आहे. पूर्वी महाराष्ट्रात चांगले मार्क असले की फ्रेशर थेट एमपीएससीमार्फत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरच्या परीक्षेला बसायचा. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पुढच्या भरतींसाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम त्यात धरलं जातं. सुप्रीम कोर्टाच्या लॉ क्लार्कला २०२४ च्या जाहिरातीत महिना ८० हजार होते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही अर्ज करता येत होता. बाकीच्यांनी त्या तीन वर्षांत खायचं काय? बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर्सना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, अशी सूचना केली. सूचनाच, सक्ती नाही. तरी पहिल्या भेटीत हा आकडा तोंडातून काढायला लाजू नका. समोरचा हसला तरी काय देणार ते कळतंच.

ही तीन वर्षं मोजली जातात प्रोव्हिजनल सनद मिळाल्यापासून. म्हणजे निकाल लागला की सनदेचा अर्ज लगेच टाका. बार परीक्षा त्यानंतर होते, आणि ती शेवटच्या वर्षातही देऊ द्या असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्येच सांगितलं. सनदेसाठी पूर्वी काही राज्यांत हजारो रुपये उकळले जायचे. ३० जुलै २०२४ च्या निकालाने ते थांबवलं: ॲडव्होकेट्स ॲक्टमधली ७५० रुपये फी, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५, वर स्टॅम्प ड्युटी लागत असेल तर ती. खिडकीवर कुणी ‘इतर शुल्क’ म्हणून जास्त मागितलं तर निकालाची प्रत पुढे करा आणि पावती मागा. वकील म्हणून पहिली केस स्वतःचीच, काय?