धुराला शीव नसते

शेतकरी बंधूंनो आणि गावकारभाऱ्यांनो, दिवाळीच्या सुमारास दिल्लीत धुरकं दाटल्याच्या बातम्या दरसाल येतात आणि बोट दाखवलं जातं पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याकडे. हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण तीच काडीपेटी आपल्याही खिशात आहे.

भूजल वाचावं म्हणून २००९ साली पंजाबात कायदा झाला आणि भाताची लावणी जूनमध्ये पुढे सरकली. हेतू चांगला, पण कापणीही लांबली. गव्हाच्या पेरणीआधी हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. कम्बाईन हार्वेस्टर दाणा नेतं, खुंट आणि पेंढा रानातच राहतो. मजुरी परवडत नाही, मग लागते काडी. नेमका त्याच वेळी वारा मंदावतो, थंडीने जमिनीलगतची हवा वर उठत नाही आणि वायव्येकडून दोन-तीनशे किलोमीटर वाहत आलेला धूर दिल्लीवर बसून राहतो. त्यातले बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसात उतरतात.

मात्र सगळं खापर शेतकऱ्यावर फोडणं बरोबर नाही. पंजाबात जाळपोळीच्या नोंदी २०२३ साली ३६ हजारांवर होत्या, २०२४ मध्ये त्या ११ हजारांच्या आत आल्या. तरीही १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा निर्देशांक ४९० च्या वर गेला. गाड्या, कारखाने, बांधकामाची धूळ ही दिल्लीची स्वतःची घाण आहेच. बाहेरचा धूर त्यात भर घालतो.

आता आपल्या शिवाराकडे वळू. ऊस तुटला की पाचट पेटवायची घाई आपल्याकडेही होते. तो धूर शहरात पोचायच्या आधी आपल्याच वस्तीत, आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. शिवाय खताचे पैसे जळतात ते वेगळेच. एक टन भाताचा पेंढा जाळला तर सुमारे साडेपाच किलो नत्र जातं, असा हिशेब सांगतात. पाचटाचंही तेच.

तेव्हा खोडव्यात पाचट सरीत पसरा, बुडखे जमिनीलगत छाटा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. ओल टिकेल, तण दबेल.

सरपंच-ग्रामसेवकांनी नुसत्या दंडाच्या नोटिसा काढून भागणार नाही. कुट्टी यंत्र गावात वेळेवर भाड्याने मिळालं, तर काडी आपोआप खिशातच राहील. हंगामाआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्याच.