विश्लेषण : रिकामे काडतूस घरी भरले तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत? रानडुकरांनी हैराण शेतकऱ्याला कायदा काय मुभा देतो?

तुळजापूर तालुक्यात हरभरा घाट्यात आला, ज्वारी हुरड्यावर आली की शेतकऱ्याची झोप उडते. बालाघाटच्या डोंगररांगांकडून रात्री रानडुकरांचे कळप उतरतात आणि खाण्यापेक्षा तुडवून जास्त नुकसान करतात. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यापुढे वेगळाच पेच असतो. बंदूक आहे, पण काडतुसे महाग, मोजकी आणि दुकान लांब. मग उडवलेल्या काडतुसाची नळी फेकून न देता ती घरच्या घरी, हाताने केलेल्या साध्या अवजारांनी पुन्हा भरण्याचा विचार येतो. अमेरिकेत हजारो लोक हे छंद म्हणून करतात आणि त्याचे व्हिडीओ मोबाइलवर सहज दिसतात. भारतात मात्र हीच गोष्ट थेट तुरुंगात नेऊ शकते. का, ते समजून घेऊ.

बारा बोअरचे काडतूस म्हणजे नेमके काय?

‘बारा बोअर’ हे नाव जुन्या इंग्रजी मापावरून आले. एक पौंड शिशाच्या अगदी सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. हा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो.

काडतुसाला खाली धातूचे बूड असते आणि त्याच्या मधोमध ठिणगी देणारी टोपी. वर प्लास्टिकची नळी, तिच्यात दारू, दारूवर डाट, त्यावर छर्रे आणि शेवटी दुमडलेले तोंड. बार उडाला की टोपी, दारू, डाट, छर्रे सगळे संपते आणि नळी व बूड तेवढे उरते. पूर्वी ही नळी जाड कागदाची असे. पावसाळ्यात ती फुगायची आणि बंदुकीतच अडकायची. १९६० नंतर प्लास्टिक आले आणि नळी पुन्हा वापरण्यासारखी टिकाऊ झाली. पुन्हा भरण्याचा मोह वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती वर्षानुवर्षे पडत आली ती बहुतांशी सरकारी कारखान्याची काडतुसे. पुण्याजवळची खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ सालची. आयुध निर्माणी मंडळ ऑक्टोबर २०२१ मध्ये मोडीत निघाले आणि तिचे सात कंपन्यांत विभाजन झाले. त्यानंतर खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव हे दोन्ही कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले. या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

कायदा नेमके काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार बंदूक आणि काडतूस बाळगायला परवाना लागतो, हे बहुतेकांना माहीत असते. कलम ५ मात्र फारसे कोणी वाचत नाही. शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणे, विकणे, त्यात बदल करणे, दुरुस्त करणे यासाठी वेगळा परवाना हवा, असे ते सांगते. म्हणजे बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस तयार करण्याचा परवाना नव्हे. हा एक मुद्दा कळला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

‘मी नवे काडतूस बनवले नाही, जुनेच भरले,’ हा बचाव ऐकायला बरा वाटतो. पण रिकामी नळी कोणाला इजा करत नाही आणि भरलेली करते. निर्जीव वस्तूचे जिवंत काडतूस झाले, तर पोलीस त्याला निर्मितीच म्हणणार, हे उघड आहे.

त्याहून महत्त्वाची आहे ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या. कलम २ मध्ये बंदुकीत भरायचा बार, त्याचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री या सगळ्यालाच ‘दारूगोळा’ म्हटले आहे. म्हणजे एकही काडतूस भरले नसले, तरी ते भरण्यासाठीच बनवलेले साधन घरात सापडले तर त्यावरूनही प्रश्न उभा राहू शकतो. लोहाराकडून करून घेतलेला लाकडी ठोकळा आणि लोखंडी दांडा कुणाला खेळण्यासारखा वाटेल, कायद्याला नाही.

आणि शिक्षा?

२०१९ पर्यंत परवान्याविना शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्यासाठी तीन ते सात वर्षे कैद होती. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती लागू झाली. आता कलम २५(१)(अ) नुसार किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि लग्नावरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला.

ही वाढ बेकायदा शस्त्रांचे कारखाने आणि टोळ्या डोळ्यांसमोर ठेवून झाली, शेतकऱ्यासाठी नव्हे. पण कलमाच्या शब्दांत तसा भेद नाही. मुंगेरचा कट्टेवाला आणि रात्री राखणीला जाणारा माणूस एकाच वाक्यात बसतात. दारू स्वतः कालवली, तर १८८४ चा स्फोटके अधिनियम वेगळा लागतो. परवान्याविना स्फोटके तयार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद त्यात आहे.

मग आठवण म्हणून ठेवलेली रिकामी नळी?

इथे कायदा समंजस आहे. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे. अट एकच : ते भाग, स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे असलेल्या पूरक भागांना जोडून वापरण्याचा हेतू नसावा. शोकेसमध्ये ठेवलेली आजोबांच्या काळातील पितळी नळी हा गुन्हा नाही. त्याच नळीशेजारी टोप्या, दारू आणि छर्रे सापडले, तर सूट संपली.

सर्वांत मोठी विसंगती : ठासणीची बंदूक

या कायद्यातली एक गोष्ट चक्रावून टाकणारी आहे. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी परवाना द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे, आणि तो प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकीसाठी. ती पुरेशी ठरणार नाही अशी खात्री पटली, तर जिल्हादंडाधिकारी अन्य गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, म्हणजे बारा बोअरसारख्या बंदुकीचा, परवाना देऊ शकतात.

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला दारू आणि छर्रे शेतकरी स्वतःच नळीत ठासतो. तिची रचनाच तशी. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, अशा बंदुका आजही घरोघरी आढळतात. म्हणजे नळीत दारू ठासणारा परवानाधारक कायद्याच्या आत आणि तीच दारू प्लास्टिकच्या नळीत भरणारा बाहेर. यामागचा तर्क असा की ठासलेला बार त्याच बंदुकीत, तिथेच संपतो. काडतूस खिशात घालून नेता येते, दुसऱ्याला देता येते, साठवता येते. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घ्यायची ते लिहिलेले असते आणि विक्रेता नोंद ठेवतो. घरी भरलेले काडतूस या हिशेबात येतच नाही. तर्क पटण्यासारखा आहे. मात्र १९५९ साली ठासणीची बंदूक गृहीत धरून लिहिलेली तरतूद आजच्या शेतकऱ्याला किती उपयोगी, हा प्रश्न उरतोच.

धोका खरेच इतका आहे का?

कायदा बाजूला ठेवला तरी आहे. बारा बोअरच्या साध्या काडतुसासाठी युरोपीय प्रमाणानुसार ७४० बारपर्यंतचा दाब ग्राह्य धरतात. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो. म्हणजे चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर टायरच्या तीनशेपट दाब क्षणभर तयार होतो.

काळी दारू आणि बिनधुराची दारू यांचे जळणे पूर्ण वेगळे. एकीचे माप दुसरीला लावले की नळी फाटते. डाट किती घट्ट बसला यावरही दाब बदलतो. कारखान्यात प्रत्येक खेपेतील नमुने दाब मोजून तपासले जातात. घरी ही तपासणी फक्त चाप ओढूनच होते. त्यात अनेक वडिलोपार्जित दुनळी बंदुका जुन्या, ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनलेल्या आहेत. बाजारातील ७० मिलिमीटरचे चांगले काडतूसही त्यांना झेपेलच असे नाही, मग अंदाजे भरलेल्याचे काय बोलावे?

दारू काय करू शकते, हे धाराशिव जिल्ह्याला सांगायला नको. वाशी तालुक्यातील तेरखेडा फटाक्यांसाठी राज्यभर प्रसिद्ध आहे. परवाना असलेल्या, वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या हातांनाही तिथे स्फोटांनी सोडलेले नाही. २०२० मध्ये केरळच्या पलक्कड भागात स्फोटके भरलेले फळ खाऊन गाभण हत्तीण मेली, तेव्हा देश हळहळला. तो सापळाही रानडुकरांसाठीचाच असल्याचे तपासात पुढे आले होते.

अमेरिकेत चालते, इथे का नाही?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. तिथे त्यासाठी प्रमाणित यंत्रे, तपासलेली कोष्टके आणि खुणा केलेली दारू दुकानात मिळते. आपल्याकडे यातले काहीच सामान्य परवानाधारकाला सहज मिळत नाही. म्हणून ‘साधी घरगुती अवजारे’ म्हणजे इथे प्रत्यक्षात फटाक्यातली दारू आणि अंदाज. व्हिडीओत हे दिसत नाही.

रानडुकराला मारता येते का?

येते, पण परवानगीने. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याच्या शिकारीची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही पद्धत सुटसुटीत केली. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परवानगीने मारलेला प्राणीही कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता असतो. त्याचे मटण वाटून घेणे हा स्वतंत्र गुन्हा. दुसरे, ही परवानगी काळविटाला लागू नाही. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे आणि त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षे कैद आहे. अंधारात छर्रे कोणाला लागले, हा खुलासा नंतर ऐकून घेतला जाईलच असे नाही.

नुकसानीचे काय?

वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. नुकसान दिसताच तक्रार करून पंचनामा करून घेणे आवश्यक. शिवाय पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान जोडीचे संरक्षण म्हणून घेण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. ती २०२६ च्या खरिपापासून लागू व्हायची आहे. कोणते प्राणी आणि कोणता भाग त्यात येईल, हे राज्यांनी ठरवायचे. शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकणे अपेक्षित आहे. रात्री डुकरांनी लोळवलेले पीक दुसऱ्या दिवशी आवरून टाकण्याची सवय त्यामुळे मोडावी लागेल.

घरात जुनी भरलेली काडतुसे असतील तर?

वडील गेले, परवाना वारसाच्या नावावर झालाच नाही आणि ट्रंकेत काडतुसांचा डबा पडून आहे, अशी घरे कमी नाहीत. त्यात कधीकाळी हाताने भरलेलीही काही असू शकतात. ती उघडून पाहू नयेत, जाळू नयेत, विहिरीत टाकू नयेत. बाळगणे कायदेशीर राहिले नाही, तर कलम २१ नुसार शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा असतो. ठाण्यात आधी फोन करावा, डबा हलवण्यापूर्वी आतली काडतुसे कशी आहेत ते सांगावे आणि जमा केल्यावर पावती घ्यावी. निवडणुकीत बंदूक जमा करताना मिळते, तशीच ही पावतीही जपून ठेवायची.