कान वाजतो, एमआरआय काढावा का?

बाहेर कुठेच आवाज नसतो, पण कानात शिट्टी वाजत राहते, नाहीतर रातकिडे किरकिरत असतात. फज्रच्या आधी घर सामसूम असते तेव्हा तर फारच. आपल्याकडे "कुणीतरी आठवण काढतंय" म्हणून हे हसण्यावारी नेतात, किंवा नजर उतरवतात. मग एक दिवस डॉक्टर चिठ्ठीवर एमआरआय लिहून देतात आणि घरात दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, "अब्बा, आत गाठबीठ असली तर? काढूनच घेऊ." अब्बा म्हणतात, "त्या नळकांड्यात घालून आहे तो कानही घालवाल माझा."

दोघांची भीती खोटी नाही. म्हणूनच या महिन्यात हा विषय घेतला.

आमच्या मते पहिला प्रश्न एमआरआयचा नाहीच. आवाज एका कानात आहे की दोन्ही, हा पहिला प्रश्न. दोन्ही कानांत सारखाच आवाज असेल आणि ऐकू येणेही दोन्हीकडे सारखेच कमी झाले असेल, तर कारण बहुधा वय किंवा गोंगाट असते. साखर कारखान्यात वर्षानुवर्षे पाळी केलेले, नागापूर एमआयडीसीत प्रेसवर उभे राहिलेले कितीतरी लोक आपल्या घराघरांत आहेत. मिरवणुकीतल्या डीजेचा मारही यातच आला. (मिरवणूक ईद-ए-मिलादची असली म्हणून कान वाचत नाहीत, हे तरुणांना कुणीतरी सांगायला हवे.) अशा वेळी एमआरआय सहसा काहीच दाखवत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: सरसकट स्कॅन करू नका.

स्कॅन करावा तो कधी? आवाज एकाच कानात असेल, एका कानाने दुसऱ्यापेक्षा कमी ऐकू येत असेल, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा सोबत चेहरा बधिर होणे, तोल जाणे असले काही असेल तेव्हा. मनगटावर बोट ठेवून ठोके जुळतात का ते घरीच पाहता येते. जुळत असतील तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, कारण मग रक्तवाहिन्यांचा वेगळा स्कॅन लागू शकतो. रक्त कमी असलेल्या बायकांनाही असा धडधडता आवाज येतो, तेव्हा आधी हिमोग्लोबिन पाहिलेले बरे. आणि एखाद्या कानाचे ऐकू येणे अचानक गेले, तर स्कॅनच्या तारखेची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाचे डॉक्टर गाठावेत. त्यावरची औषधे जितकी लवकर मिळतील तितका उपयोग जास्त.

एक आणि दोन कानांचा हा हिशेब अंदाजाने होत नाही. त्यासाठी ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून करायची श्रवण तपासणी, आधी हवी. तिचा खर्च एमआरआयच्या मानाने किरकोळ असतो. आपल्या जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. कधी कधी तर आत मळाचा बोळा निघतो आणि प्रश्न तिथेच मिटतो.

आता मुलाच्या भीतीबद्दल. जी गाठ शोधायची असते ती ऐकण्याच्या आणि तोलाच्या मज्जातंतूवर येते. तिला अकौस्टिक न्यूरोमा म्हणतात. ती कर्करोगाची नसते, बहुधा फार सावकाश वाढते, आणि एका कानात आवाज येणाऱ्यांतही थोड्यांनाच निघते. लहान असेल तर पुष्कळदा डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. म्हणून एका बाजूचा त्रास असेल तर स्कॅन टाळू नये असे आम्हाला वाटते, पण त्यासाठी रात्रीची झोप घालवण्याचेही कारण नाही. एमआरआय जमतच नसेल तर बेरा नावाची तपासणी असते, मात्र लहान गाठ तिच्यातून निसटू शकते.

अब्बांचेही ऐकले पाहिजे. यंत्राचा ठणठणाट 100 डेसिबलच्या वर जातो. म्हणून कानात बोळे आणि वरून हेडफोन, दोन्ही मागून घ्यावेत. बोळा नीट आत बसला आहे ना, हे टेबलावर आडवे होण्यापूर्वीच पाहावे. "मला कान वाजण्याचा त्रास आहे" असे तंत्रज्ञाला आधी सांगावे, आणि हातातला बझर दाबला की स्कॅन थांबतो हे लक्षात ठेवावे. डॉक्टरांना विचारावे की पूर्ण मेंदूचा स्कॅन हवा की फक्त अंतःकर्णाच्या नळीचा. दुसरा बराच लवकर आटोपतो आणि पुष्कळदा इंजेक्शनशिवायही होतो. इंजेक्शन द्यायचेच असेल तर मूत्रपिंडाचा त्रास आणि गरोदरपण लपवू नये. किरणोत्सर्गाची भीती मात्र नको. तो सीटी स्कॅनमध्ये असतो, एमआरआयमध्ये नाही.

खरा धोका लोखंडाचा. हे चुंबक चोवीस तास चालू असते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा एक तरुण नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. तेव्हा सोबत जाणाऱ्यांनीही खिसे रिकामे करावेत. बायकांनी हिजाबच्या पिना, हल्ली मिळतात त्या चुंबकाच्या पिना तर आठवणीने, नथनी, डूल, सगळे घरीच ठेवावे. धातूच्या डबीतला तावीजही काढावा. तो काढायला दादी तयार होणार नाहीत, तर घरातल्या कुणी तरी तो आदल्या रात्रीच त्यांच्याकडून मागून आपल्यापाशी ठेवावा. ऐन वेळी दारात वाद नको. हिजाबऐवजी साधा, जरी नसलेला सुती दुपट्टा चालेल का, हे केंद्रावर आधी विचारावे, स्त्री तंत्रज्ञ असेल तर तसेही मागावे. पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर ते नाव नोंदवतानाच सांगायचे. लेथवर, ग्राइंडरवर काम केलेल्यांच्या डोळ्यात कधी कीस उडून गेला असेल तर तेही, कारण आधी डोळ्याचा एक्स-रे काढावा लागतो.

इलाज करून घेण्याची ताकीद आपल्या दीनने दिलेलीच आहे, पण रिपोर्ट हा इलाज नव्हे. तो साफ आला तरी शिट्टी थांबत नाही, कारण तो आवाज चित्रात दिसत नाही. पुष्कळ लोक इथेच निराश होतात आणि दुसऱ्या शहरात दुसरा स्कॅन करायला धावतात. त्या पैशांत श्रवणयंत्राची चाचणी घेऊन पाहावी. ऐकू कमी येणाऱ्यांपैकी अनेकांना बाहेरचे आवाज नीट येऊ लागले की आतला मागे पडतो. रात्री खोली अगदी शांत ठेवू नये. पंखा चालू असू द्यावा, किंवा हळू आवाजात तिलावत लावून झोपावे.