गेमच्या संगीतकारालाही त्याचे साडेबारा टक्के द्या!

पोस्ट लांब आहे, पण आपल्या द्रोणागिरीतल्या पोराची आहे. पूर्ण वाचा.

आमच्या सोसायटीत एक पोरगा संगीतकार आहे. एक लॅपटॉप, एक कीबोर्ड, कानाला हेडफोन, एवढाच त्याचा स्टुडिओ. परवा त्याने एका मोबाइल गेमचं कॉन्ट्रॅक्ट दाखवलं. (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचं पुढचं काम जायला नको.) एकदाच ठोक रक्कम, तीही चार महिन्यांच्या घरभाड्याइतकी. संगीत कायमचं कंपनीचं. गेममध्ये त्याचं नाव देण्याचं बंधन नाही!

"गेमचं म्युझिक म्हणजे काय, मागे वाजतं ते," असं म्हणू नका. सिनेमात सीन किती सेकंदांचा ते ठरलेलं असतं. गेममध्ये खेळणारा एका जागी दोन मिनिटं थांबेल की वीस, कुणालाच माहीत नसतं. तुकडा कितीही वेळा फिरला तरी सांधा कळता कामा नये. शत्रू आला की ढोल चढायला हवा, गेला की उतरायला हवा. जगाने हे काम ओळखलं. 2011 मध्ये 'सिव्हिलायझेशन 4' या गेमच्या गाण्यासाठी ख्रिस्तोफर टिनला ग्रॅमी मिळालं. 2023 पासून तर ग्रॅमीत गेमच्या संगीताचा स्वतंत्र पुरस्कार आहे.

आणि आपल्याकडे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' काढला. कथा आपल्या पुराणांतली, संगीत ग्रीसच्या लिनोस झेलोसचं. माझी त्याबद्दल तक्रार नाही, काम सुंदर आहे. मुद्दा इतकाच की त्याचं नाव जगाला माहीत आहे, आमच्या पोराचं गेममध्येच नाही.

सिनेमावाले संगीतकार भांडले, तेव्हा 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. थिएटरमधलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा संगीतकाराला लिहून देताच येत नाही, सही केली तरी! त्या तरतुदीत 'सिनेमा' आहे, 'ध्वनिमुद्रण' आहे, 'गेम' हा शब्द नाही. ध्वनिमुद्रणात गेमचं संगीत बसतं, असा वाद वकील घालू शकेल. पण चार महिन्यांच्या भाड्याएवढ्या पैशासाठी पोरगा हायकोर्टात जाणार का?

"त्याने राजीखुशीने सही केली ना?" असं विचारणाऱ्यांनी उरणमध्ये तरी हा प्रश्न विचारू नये. जमिनीचा मोबदला दिला, विषय संपला, हेच आम्हाला सांगितलं होतं. दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, जानेवारी 1984 मध्ये पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलून जीव दिला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडला. तत्त्व साधं होतं: ज्याच्या जमिनीवर शहर उभं राहिलं, त्याचा वाढलेल्या किमतीतही वाटा. सुरावटीला हे तत्त्व का नको?

छोट्या स्टुडिओकडे पैसे नसतात, मान्य. मग गेम चालला तरच वाटा द्या. 2025 मध्ये मुंबईत 'वेव्हज' परिषद झाली, राज्याने ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरणही मंजूर केलं. माझी मागणी एका ओळीची: या धोरणाखाली जो सवलत घेईल, त्याच्या प्रत्येक करारात संगीतकाराचं नाव आणि कमाईतला वाटा सक्तीचा करा.

आमदार-खासदारांना टॅग करा. आणि घरात असं पोरगं असेल तर त्याला सांगा, सही करण्याआधी कागद कुणाला तरी दाखव.