मागे फिरणाऱ्या पायलटचे आभार माना

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले. सातही जण दगावले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातले यात्रेकरूही होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये गरुडचट्टीजवळ असेच सात बळी गेले होते. दोन्ही वेळी खोऱ्यात ढग उतरले होते. अशा अपघातानंतर यंत्राची आणि कंपनीची चौकशी होते, ती व्हायलाच हवी. पण माणसाच्या शरीराची मर्यादाही समजून घ्यायला हवी.

डोंगरातले हवामान मिनिटागणिक बदलते. उताराला अडलेली दमट हवा वर चढते, थंड होते आणि पाहता पाहता खोरे ढगाने भरते. शिखर ओलांडलेला वारा पलीकडच्या बाजूला जोराने खाली उतरतो. त्यात सापडलेल्या हलक्या विमानाला इंजिनाचा सगळा जोर लावूनही उंची राखता येत नाही. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत हेलिकॉप्टरच्या पात्यांना उचल कमी मिळते आणि पायलटच्या रक्ताला प्राणवायूही कमी मिळतो.

सर्वांत घातक असते ते ढगात शिरणे. आपला तोल डोळे, स्नायू आणि अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका मिळून सांभाळतात. वळण सुरू झाले की नलिकांतल्या द्रवामुळे ते मेंदूला कळते. पण वळण एकसारखे चालू राहिले, तर काही सेकंदांत द्रवही नलिकेच्याच वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात क्षितिजच नसते.

१९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने, केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली. बाहेरचे दिसेनासे होताच सर्वांचा विमानावरचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. अनुभवी पायलटही यातून सुटत नाही. जानेवारी २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचे हेलिकॉप्टर कॅलिफोर्नियातील टेकड्यांवर ढगात शिरले. आपण वर चढत आहोत, असे पायलट रेडिओवर सांगत होता, तेव्हा ते खाली जात होते. नऊ जण गेले. पायलटने स्वतःवर घेतलेला, ठरल्या ठिकाणी पोहोचवण्याचा दबावही चौकशीत नोंदवला गेला.

हा दबाव आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. दारात नातेवाईक ताटकळत असतात, 'काहीतरी करा' म्हणतात. तेव्हा 'आत्ता शस्त्रक्रिया नको' हे सांगणे कठीण जाते. पायलटपुढे असतात वर्षभर पैसे साठवून आलेले भाविक आणि फेऱ्या मोजणारे मालक.

म्हणून नियम साधा हवा. पायलटचा नकार अंतिम मानावा, त्यासाठी त्याचे वेतन कापू नये. हवामानामुळे उड्डाण रद्द झाले, तर पूर्ण पैसे वादाविना परत मिळावेत. खोऱ्याखोऱ्यांत कॅमेरे आणि हवामान केंद्रे वाढावीत. आणि आपण प्रवाशांनी परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा ठेवावा. दर्शन उद्याही होईल. 'आज जमणार नाही' म्हणणाऱ्या पायलटशी हुज्जत घालू नका. त्याचे आभार माना.