सात दिवसांचं पडसं आणि एकवीस दिवसांचं इंजेक्शन

पहिले दोन पाऊस झाले की आमच्या वर्गात शिकवण्यापेक्षा शिंकांचा आवाज जास्त येतो. मी मालेगावातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. एका बाकावर तीन मुलं, खिडक्या दोनच, त्याही पावसामुळे बंद. फळ्यावर 'पडसं' लिहिलं की मुलं हसतात, कारण त्यांच्या घरी त्याला नज़ला म्हणतात, नाहीतर ज़ुकाम. शब्द कुठलाही घ्या, नाक तसंच गळतं.

मागच्या पावसाळ्यात एका मुलाची अम्मी शाळेच्या दारात आली. पोराला ताप होता, घसा दुखत होता. "मिस, दो दिन घर पे रख लूँ क्या?" तिने विचारलं. त्या महिन्यात पूर्ण हजेरीचं बक्षीस द्यायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मी म्हटलं, "एखाद गोली दे के भेज दो." तिने माझं ऐकलं. गल्लीतल्या मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणल्या आणि पोराला पाठवून दिलं. पुढच्या आठवड्यात त्या बाकावरची उरलेली दोघंही खोकत होती.

अल्लाहचा शुक्र, त्या मुलाचं पुढे काही बिघडलं नाही. पण बी.एड. शिकलेल्या बाईने एका आईला चुकीचा सल्ला दिला, ही गोष्ट मला अजून टोचते. त्याचं कारण माझ्या घरातच आहे.

माझ्या एका खालाचा घसा लहानपणी वारंवार धरायचा. हळदीचं दूध, गुळण्या, दम केलेलं पाणी, सगळं व्हायचं आणि घसा बराही व्हायचा. मग एकदा घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तिचे गुडघे सुजले, नंतर घोटे. डॉक्टरांनी ऱ्हुमॅटिक फीवर सांगितला. सांधे बरे झाले, हृदयाची झडप मात्र खराब झाली. त्यानंतर दर २१ दिवसांनी तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. मी तिच्या सोबत जायचे, तिचा बुरखा धरून रांगेत उभी राहायचे. जिना चढताना ती मध्येच बसायची. चाळीशी गाठण्याआधीच ती गेली.

म्हणून मला एकच गोष्ट सांगायची आहे. सर्दी आणि घसादुखीत आपण नेमकं उलटं वागतो. जिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही तिथे ते गिळतो, आणि जिथे ते खरोखर लागतं तिथे हळद-दुधावर थांबतो. फरक ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही, पण थांबून नीट बघावं लागतं.

सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत, म्हणून ती एकदा होऊन संपत नाही. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे काही अशक्तपणाचं लक्षण नाही. पावसात भिजल्यामुळे विषाणू येत नाहीत, ते माणसाकडून माणसाकडे जातात: शिंकेतून, हातातून, एकाच रुमालातून. पावसाळ्यात आणि थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकमेकांना चिकटून बसतो, त्यांचं काम सोपं होतं. अशा सर्दीत आधी घसा खवखवतो, मग नाक वाहतं, मग खोकला येतो. दोन-तीन दिवसांनी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो. तो दिसला की आपण घाबरून मेडिकल गाठतो, पण नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक लागतं असं ठरत नाही. सात ते दहा दिवसांत सर्दी ओसरते, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळू शकतो. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूंना नाही. म्हणूनच जुनी माणसं थट्टेने म्हणतात की औषध घेतलं तर पडसं सात दिवसांत बरं होतं, नाही घेतलं तर आठवड्यात.

काहींचं नाक महिनोन् महिने पाण्यासारखं वाहतं, डोळे खाजतात, सकाळी शिंकांवर शिंका येतात, पण ताप नसतो. ती बहुधा ॲलर्जी असते. आमच्याकडे यंत्रमागाजवळ सुताची धूळ उडते, त्याच खोलीत माणसं झोपतात, रात्री डासांची कॉइल जळते, कुणी बिडी ओढतं. असा घसा गोळीने बरा होणार नाही. तोंडाला कापड बांधणं, खोली ओल्या फडक्याने पुसणं, कॉइलऐवजी मच्छरदाणी लावणं, हे तिथे उपयोगी पडतं.

आता तो तिसरा घसा, माझ्या खालाचा. तो स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे धरतो, जास्त करून ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा. त्याची चाल वेगळी असते. दुखणं एकाएकी सुरू होतं, ताप चढतो, थुंकी गिळतानाही मूल कळवळतं. मानेत गाठी लागतात, टॉन्सिल लाल होऊन त्यावर पांढरे ठिपके दिसतात. आणि लक्षात ठेवायची खूण ही की खोकला आणि वाहतं नाक बहुधा नसतं. ज्या मुलाचं नाक गळत नाही त्याला आपण कमी आजारी समजतो, चूक तिथेच होते. अशा मुलाला डॉक्टरकडे न्यायचं, टॉर्च लावून घसा तपासायला सांगायचं, आणि त्यांनी दहा दिवसांचं औषध दिलं तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी दहाही दिवस द्यायचं. औषध वेळेवर सुरू झालं तर हृदयापर्यंत जाणारा आजार टळू शकतो.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना जे भाषण केलं, त्यात एका घसा दुखणाऱ्या माणसाचं काल्पनिक उदाहरण होतं. तो स्वतःच पेनिसिलिन आणतो, अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग तोच जंतू त्याच्या बायकोला होतो आणि तिला औषध लागू पडत नाही. शिक्षक म्हणून मला हे उदाहरण फार लागलं. घशातला हा जिवाणू आजही पेनिसिलिनला दबतो हे आपलं नशीब, पण दुसरे कितीतरी जंतू औषधांना जुमानत नाहीसे झाले आहेत. मी सांगितलेल्या त्या दोन गोळ्यांनी हेच शिकवण्याचं काम केलं असणार.

मग साध्या सर्दीत करायचं काय? घरात पुष्कळ आहे. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या, पण मूल पाणी न गिळता गुळणी करण्याइतकं मोठं हवं. शहद अर्धा ते एक चमचा, खोकल्यावर रात्री फार चांगला, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवू नका. त्यातून बोट्युलिझम नावाची जिवावरची विषबाधा होऊ शकते. कोमट पाणी, पातळ खिचडी, यखनी. नाक बंद असेल तर मेडिकलमधले साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब. तापाला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन नको.

अत्ताराकडच्या जोशांद्याच्या मी विरोधात नाही. उन्नाब, बनफशा, मुलेठीचा गरम काढा घशाला आराम देतो, मीही पिते. रक्तदाब असणाऱ्यांनी रोज मुलेठी घेऊ नये एवढंच.

काही गोष्टी मात्र थांबवायला हव्यात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देण्यात भाजण्याचा धोका आहे. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडलं तर ते फुप्फुसात जातं. आणि लहान मुलांना खोकल्याचं सिरप स्वतःहून कधीच देऊ नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी सिरपमुळे मुलं दगावली, त्यांतली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत आणलेली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की दोन वर्षांच्या आत अशी औषधं देऊ नयेत, पाच वर्षांच्या आतही सहसा नकोत.

श्वास भराभर चालतो, छाती आत ओढली जाते, मूल पाणीही पीत नाही, लाळ गळते, तोंड उघडत नाही, ताप तीन दिवसांवर गेला, कान दुखतो, सांधे सुजतात, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरचे उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठा. घशात राखाडी पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो, क्षणही घालवू नका. घटसर्पाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, १० आणि १६ व्या वर्षीही टीडीचं इंजेक्शन असतं. पथक शाळेत येणार म्हटलं की आमच्या वर्गाची हजेरी निम्मी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, तापाच्या दिवशी ठेवा.

शिंक आली की रसूलुल्लाह (स.) चेहऱ्यावर हात किंवा कपडा धरत आणि आवाज दाबत, असं हदीसमध्ये येतं. हे मुलांना पाठ असतं. आता आम्ही वर्गात ते करूनही बघतो, कोपरात शिंकायचं आणि मग हात धुवायचे. नाक वाहणाऱ्याला 'शेंबडा' म्हणायचं नाही, हा नियमही केला आहे.

आणि या वर्षी पूर्ण हजेरीच्या बक्षिसाची यादी मी लावली नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं की तापलेलं मूल वर्गात बसवून मिळणारं बक्षीस मला नको. ते म्हणाले, बघू. तोपर्यंत कुठल्या आईने दारात येऊन विचारलं, "मिस, दो दिन घर पे रख लूँ क्या?" तर माझं उत्तर ठरलेलं आहे: "रख लो. और उसका गला एक बार डॉक्टर को दिखा दो."