टप उघडा, डोकं ठिकाणावर!

रस्त्यावरून बिनटपाची, दोनच सीटांची लालभडक गाडी गेली की आपली मान आपोआप तिकडे वळते. हो की नाही? मग मधल्या सुट्टीत वाद रंगतो. "तिचा टॉप स्पीड किती?" "शून्य ते शंभर किती सेकंदांत?" ज्याला मोठा आकडा पाठ, तो जिंकला!

पण गाड्यांची परीक्षा घेणारे टेस्ट ड्रायव्हर एवढ्यावर निकाल देत नाहीत. ते काय काय बघतात, ते आज आपण पाहू. त्यासाठी मनातल्या मनात नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर चला. वाशीहून बेलापूरकडे निघालो, की उजव्या हाताला खाडी आणि खारफुटी, डाव्या हाताला सानपाडा, नेरूळ, सीवूड्स. उघड्या गाडीसाठी याहून छान रस्ता कुठला?

परीक्षेला बसल्या आहेत चार गाड्या. पहिली 'सॅन स्टॉर्म'. ही १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि गोव्यात तयार होत असे. छोटं १.२ लिटरचं रेनॉ इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी. आता ती बनत नाही. दुसरी आपल्या अलिबागजवळ जन्मलेली 'चिंकारा रोडस्टर'. नाव हरणाचं, रूप १९५७ सालच्या इंग्लंडच्या 'लोटस सेव्हन'चं, आणि इंजिन १.८ लिटरचं इसुझु. हो, आपल्या अँबॅसिडरमध्येही इसुझुचं १.८ लिटर इंजिन येत असे, बरं का! तिसरी जपानची 'माझदा एमएक्स-५', १९८९ची. दोन सीटांच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये जगात सर्वांत जास्त खपलेली हीच. २०१६ साली तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. चौथी 'एमजी सायबरस्टर'. ही विजेवर चालते, दारं कात्रीसारखी वर उघडतात. भारतात ती २०२५ साली विक्रीला आली, किंमत ७५ लाखांच्या आसपास!

पहिला पेपर : टप काढला तर काय बिघडलं?

घरातला बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन्ही टोकं धरून खोका पिळून बघा. सहज पिळला जात नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. लगेच वेडावाकडा झाला ना? गाडीचंही तसंच. टप म्हणजे नुसती सावली नव्हे, तो गाडीला ताठ ठेवतो. टप काढला, की खड्ड्यात चाक गेल्यावर सगळी गाडी थरथरते, वळणावर नेम चुकतो. म्हणून उघड्या गाडीचा तळ आणि दारांखालच्या पट्ट्या जास्त मजबूत कराव्या लागतात. त्याने वजन वाढतं. म्हणजे गंमत बघा, टप काढला तरी गाडी हलकी होईलच असं नाही!

दुसरा पेपर : वजन

इथे थोडं गणित. सायबरस्टरची ताकद सुमारे ५१० अश्वशक्ती आणि वजन जवळजवळ २००० किलो. एका अश्वशक्तीच्या वाट्याला आले ४ किलो. पहिल्या एमएक्स-५ची ताकद ११५ आणि वजन साधारण ९५० किलो. वाट्याला ८ किलो. म्हणून सायबरस्टर शंभरचा वेग ३.२ सेकंदांत गाठते. मधल्या सुट्टीतला वाद तिने जिंकला!

पण वळण आलं की टायरांना सगळं वजन वळवावं लागतं. दोन टन वळवणं सोपं की एक टन? सायबरस्टरची जड बॅटरी तळाशी आहे, त्यामुळे ती कलंडत नाही, हे मान्य. तरी हलक्या गाडीचा चपळपणा वेगळाच. सॅन स्टॉर्म आणि चिंकारा या गाड्यांची बॉडी फायबरग्लासची का, ते आता कळलं? ताकद थोडी असली, तर वजन कमी करा. हा गरिबाघरचा पण शहाणा उपाय आहे.

तिसरा पेपर : थांबणं

हा पेपर सर्वांत महत्त्वाचा, आणि याचा आकडा कुणीच पाठ करत नाही! ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर कुत्रं आलं, हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला. पुढे ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण १७ मीटर. एकूण झाले ३४. आता वेग दुप्पट करा, १२०. पहिल्या सेकंदातच ३३ मीटर, आणि ब्रेकचं अंतर दुप्पट नव्हे, चौपट! सगळे मिळून शंभर मीटर. म्हणजे क्रिकेटच्या पाच पिचेस.

आणि आता तुमच्याशी अगदी खास बोलायचंय. आईबाबांनाही हे वाचून दाखवा. आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार नसते, पण सनरूफवाली गाडी पुष्कळांकडे असते. त्यातून अर्धं अंग बाहेर काढून, हात पसरून उभी राहिलेली मुलं तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही उभे राहिला असाल. अचानक ब्रेक लागला तर गाडी थांबते, पण उभं राहिलेलं मूल थांबत नाही. ते त्याच ६०च्या वेगाने पुढे जातं. इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडलेली वस्तू जवळजवळ याच वेगाने जमिनीवर आदळते! उघड्या गाडीतसुद्धा नियम एकच : बसायचं सीटवर, पट्टा लावून.

निकाल

पळण्यात सायबरस्टर पहिली. पण पाम बीच रोडवर वेगमर्यादेच्या पाट्या आहेत, तिथे तिची बरीचशी ताकद झोपूनच राहणार. उघड्या गाडीत आपण जमिनीलगत बसतो, वारा कानात घुमतो, म्हणून ६०चा वेगही शंभरासारखा वाटतो. मर्यादेत राहून पुरेपूर मजा देते ती हलकी, ताठ आणि पटकन थांबणारी गाडी. माझे गुण एमएक्स-५ला. आणि मोठ्या कारखान्यांनी जे केलं नाही ते करू पाहणाऱ्या गोवा-अलिबागच्या गाड्यांना शाबासकीचे दोन गुण जास्त!

आता तुमची पाळी. तुमच्या सोसायटीतल्या कुठल्याही तीन गाड्यांची अश्वशक्ती आणि वजन शोधा, भागाकार करा. स्टिअरिंग हातात यायला वयाची १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पण परीक्षक व्हायला वयाची अट नाही!